नळीचं जाकीट

तामलवाडी शिवार,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. हर्षाली हिस आबाचा आशीर्वाद.

चार वर्सांत दर दिवाळीला तुझं पत्र आलं, म्या एकाला बी उत्तर दिलं न्हाय. आज लिहायलोय ते कामापुरतं. लगेच फुगून जाऊ नको. फोन का केला न्हाय म्हणशील, तर कान आता पार गेले. शेजारी ट्रॅक्टर सुरू झाला तर पायाला कळतं, कानाला न्हाय. चाळीस वर्सं विहिरींचं पाणी कानात घेतलं, त्याचं हे बक्षीस.

काम असं हाय. सोलापूरचा महांतप्पा तुला आठवत असंल, धरणाच्या दारांची पाण्याखालची कामं करायचा त्यो. त्याचं बायपास झालं, आता उतरत न्हाय. त्याच्याकडं हवेची टाकी हाय, अन् अंगात घालायची दोन जाकिटं हायत. हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो, तसली. त्यातलं एक मला वापरायला देतो म्हणला, दुसरं त्याच्या पुतण्याला पाहिजे.

एक जुन्या तऱ्हेचं हाय. डाव्या खांद्यावरनं जाड नळी लोंबती, तिच्या टोकाला दोन बटनं. दुसरं नवीन. त्याला लोंबती नळी न्हाय, डाव्या कमरंला एक खटका हाय. महांतप्पा म्हणतो दोन्ही चांगली. दोन्ही चांगली म्हणणाऱ्याचा इचार घेऊन काय करायचं. हे तुझं रोजचं काम, तूच सांग कुठलं घेऊ.

पाणी साठेक फूट खोल हाय. गढूळ. खाली बाभळी अन् गाळ. वर येताना एका हातात वजन असंल, माणसाएवढं. पहिलीच्या पोराला सांगावं तसं सगळं नीट लिही, अन् लवकर लिही.

तुझी वहिनी दैवशाला बरी हाय.

बब्रुवान

~

मालवण,
१९ ऑक्टोबर २०२४

ती. आबांना हर्षालीचा साष्टांग नमस्कार.

पोस्टमननं पाकीट दुकानात आणून दिलं आणि मी तुमचं अक्षर ओळखलं. समोर पुण्याचं एक कुटुंब पाण्यात उतरायला तयार होऊन बसलं होतं. त्यांना म्हटलं पाच मिनिटं थांबा, आणि मागच्या बाजूला जाऊन रडून आले. कामापुरतं तर कामापुरतं. पत्र आलं ना.

एक मात्र लागलं मनाला. वाण्याच्या यादीवरसुद्धा आधी ‘बिरोबा प्रसन्न’ लिहिणारे तुम्ही, आणि माझ्या पत्रावर देवाचं नावच नाही. “पाण्यातनं माणूस काढायचा, कमाई काढायची न्हाय,” असं म्हणून तुम्ही मला दारातनं परत पाठवलंत तो राग अजून आहे, हे मला कळतं. पण त्यात बिरोबाला कशाला ओढता.

जाकीट दादासाठी आहे हे तुम्ही लिहिलं नाही तरी मी ओळखलं. त्याचा फोन पंधरा दिवस बंद आहे. पाण्यात पाडला असणार, हा तिसरा. आणि आबांना पुढं करून विचारतोय शहाणा. त्याला म्हणावं, स्वतः चार ओळी लिहायला हात मोडले होते का? तुम्ही दोघांनी मिळून मला विचारलंत याचाच मला एवढा आनंद झालाय की त्याला शिव्या घालायचंही जिवावर आलंय.

आता नीट वाचा आणि त्यालाही वाचायला द्या.

नळीच्या जाकिटात एक बटन दाबलं की टाकीतली हवा भरते, दुसरं दाबलं की सुटते. पण सुटायला नळी डोक्याच्या वर धरावी लागते, कारण हवा वरच्या वाटेनंच जाणार. म्हणजे डावा हात सरळ वर. खालनं निघाल्यापासून तो हात वरच ठेवायचा. जसं वर याल तशी जाकिटातली हवा आपोआप फुगत जाते. ती सोडत आलं नाही तर माणूस बुचासारखा उसळतो आणि आत छाती फाटते. ही एक गोष्ट दादाकडनं पाठ करून घ्या.

खटक्याच्या जाकिटाला हात वर करायला लागत नाही. खटका वर ढकलला की भरतं, खाली दाबला की सुटतं. तुम्ही आडवे असा नाहीतर उलटे असा, चालतं. मी स्वतः तेच घालते. पण तुम्ही माझ्यासाठी विचारत नाही, दादासाठी विचारताय, आणि दादासाठी मी नळीचंच सांगेन. आपल्या पाण्यात गाळ. बटन गाळानं अडकून हवा भरतच राहिली तर टाकीकडनं येणारी बारकी नळी एका झटक्यात काढून टाकता येते. ते बटन कुणालाही उघडता, धुता येतं. आणि टाकी संपली तरी जाड नळीचं टोक तोंडात धरून फुंकलं की जाकीट आपल्याच श्वासावर भरतं. नवीन तऱ्हेतही फुंकायची सोय असते, पण ती खिशात दडवलेली. गढुळात ती कुठं चाचपत बसणार.

ज्याचा डावा हात धड वर जातो त्यानं नळीचंच घ्यावं. दादाचे हात तर ताडासारखे.

महांतप्पांनी उथळ पाण्यात आठ दिवस शिकवल्याशिवाय त्याला खोल सोडू नका. आणि माणसाएवढं वजन म्हणजे मोटार ना? तिला वेगळी दोरी बांधा. जाकिटावर ओझं उचलत नाहीत.

वहिनीला सांगा, शेंगाचटणी संपली.

तुमची
हर्षाली

~

तामलवाडी शिवार,
२५ ऑक्टोबर २०२४

चि. हर्षाली हिस आशीर्वाद.

पत्र पोचलं. चांगलं लिहिलंस. म्या पाच-सहा येळा वाचलं. नळीचं जाकीट आणलं. खटक्याचं पुतण्या घेऊन गेला. महांतप्पा रोज सकाळी येतो अन् आपल्या विहिरीत पायऱ्यांपाशी शिकवतो. बुडून बसायला जमायलंय. टाकीतली हवा तोंडाला कोरडी लागती.

एक इचारायचं राहिलं. डावा हात खांद्याच्या वर जातच नसंल, तर उजव्या हातानं नळी वर धरली तर चालंल का? पण उजव्या हातात वजन असणार. कोपर वाकवून नळी कानापतूर नेली तर हवा थोडी सुटती, पुरी सुटत न्हाय. तेवढ्यावर भागंल का ते लिही. महांतप्पा नुसती मान हलवतो.

मोटारच समज. उत्कर्षचा फोन पाण्यातच हाय, तू म्हणलीस तसं.

दैवशाला रोज तलावाकडं जाती, सांजंला परतती. चटणी तिला आता जमायची न्हाय. यंदा दिवाळीचं काही धाडू नको.

बब्रुवान

~

मालवण,
२९ ऑक्टोबर २०२४

आबा,

डावा हात वर न जाणारा माणूस आपल्या घरात एकच आहे. मी सहा वर्षांची असताना विहिरीत पडले, तुम्ही मला काखेत घेऊन वर येत होता आणि काठाचा दगड निसटला. माझ्या डोक्यात बसणारा दगड तुम्ही खांद्यावर घेतलात. तेव्हापासून अंगरखा घालताना तुमचा डावा हात आधी बाहीत जातो. हे मी लहानपणापासून बघत आलेय आणि तरी पत्र लिहिताना माझ्या डोक्यात तुम्ही आलाच नाहीत. मी दादाच्या अंगाचं माप धरून जाकीट निवडलं.

तुम्ही पाण्यात उतरायचं नाही. तुमच्या कानाचे पडदे फाटलेले आहेत. थंड पाणी आत गेलं की डोकं गरगरतं, वर कुठं आणि खाली कुठं ते कळत नाही. त्यात हवा सुटली नाही तर काय होतं ते मीच लिहून पाठवलंय. उजव्या हातानं चालत नाही, कोपर वाकवून चालत नाही, तेवढ्यावर अजिबात भागत नाही.

आणि दादा असताना तुम्ही का शिकताय?

कालपासून मी तुमची दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलेय. दिवाळीचं काही पाठवू नको म्हणता. वहिनीला चटणी जमायची नाही. आजी गेली तेव्हा मामाला कळवायचं पत्र तुम्ही माझ्याकडनं लिहून घेतलं होतं. मी सवयीनं वर बिरोबाचं नाव लिहिलं, तर तुम्ही तो कागद फाडून दुसरा दिलात. म्हणालात, असल्या पत्रावर देवाला बसवत नसतात. आणि या दोन पत्रांवर ते नाव नाही, तर मला वाटलं तुम्ही रागावलात.

वहिनीला तीनदा फोन लावला, उचलत नाही. गावात आणखी कुणाला लावायची माझी हिंमत नाही. कुणीतरी पटकन सांगून मोकळं होईल, आणि मला ते तसं ऐकायचं नाही. मला भीती वाटते, आबा.

दादा कुठं आहे?

हर्षाली

~

तामलवाडी शिवार,
२ नोव्हेंबर २०२४

हर्षाली,

तुझा दादा गेला. तीन ऑक्टोबरला, घट बसायच्या दिवशी.

तलावाच्या पोटातली जुनी विहीर तुला ठावं हाय. उन्हाळ्यात उघडी पडती म्हणून लोक तिथं मोटारी बसवतात. परतीच्या पावसानं तलाव एकाएकी वाढला अन् गावातल्या शिवशंकरची मोटार खाली राहिली. उत्कर्ष म्हणला, दम धरून उतरतो, साखळी अडकवून येतो. तवा विहिरीच्या तोंडावर पंचवीस फूट पाणी व्हतं. दोरी माझ्या हातात व्हती. दोन हिसके म्हंजी वर वढ. मला हिसक्याशिवाय दुसरं काय कळत न्हाय, म्हणून सगळा जीव त्या दोरीत घालून उभा व्हतो. हिसका आलाच न्हाय. दोरी हलकी लागली. वढली तर नुसतं टोक वर आलं, विहिरीच्या कडंला घासून तुटलेलं.

बिरदेव पल्याडच्या गावाहून आला, तीनदा उतरला. त्याचा दम पुरला न्हाय. सरकारी होडी आली, दोन दिवस गळ टाकून गेली. मग दसऱ्याच्या आधी पुन्हा पाऊस झाला अन् पाणी साठ फुटावर गेलं.

तुला आपला रिवाज ठावं हाय. रक्तानं रक्त काढायचं न्हाय. ज्याचं माणूस बुडालं त्यानं काठावर बसायचं, दुसऱ्या गावच्यानं उतरायचं, न्हायतर पाणी दुसरं मागतं. शंभरावर माणसं म्या काढली, एकाच्या बी घरचं पाणी प्यालो न्हाय. अन् माझ्या पोराला काढायला कुणी न्हाय. मग ठरवलं, रिवाज म्याच मोडतो. पाण्यानं दुसरं मागितलं तर बासष्ट वर्सांचं म्हातारं घेऊन जाईल. पण तुला कळलं असतं तर तूच पहिली उडी घेतली असती. म्हणून गावाला बिरोबाची आण घातली, हर्षालीला कुणी कळवायचं न्हाय म्हणून. माझ्याकडं आता एकच लेकरू उरलंय.

दैवशाला म्हणती, मढं बघितल्याबिगर कुंकू पुसणार न्हाय. रोज भाकर बांधून तलावाच्या कडंला जाऊन बसती अन् सांजंला तीच भाकर परत आणती. तिला काय सांगू. आमाला सुतक कवा धरायचं ते बी कळंना. तुला पयलं पत्र लिहायला बसलो तवा वर देवाचं नाव लिहायला गेलो, तर हात पुढं सरकंना. बाकी सगळं तुझ्यापास्नं लपवलं, तेवढं लपवता आलं न्हाय.

रविवारी, दहा तारखंला उतरणार हाय. तू यायचं न्हाय. आजवर माझं काही ऐकलं न्हाईस, एवढं ऐक.

आबा

~

सोलापूरच्या गाडीत,
७ नोव्हेंबर २०२४

आबा,

हे पत्र टपालानं येणार नाही. मी स्वतः तुमच्या हातात देणार आहे. बोललेलं तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावं असं हे नाही.

मागच्या संक्रांतीला दादानं मला फोन केला होता. म्हणाला, “हर्षे, तुमच्या दुकानात जुनं जाकीट-टाकी असलं तर बघ की. दम धरून किती दिवस उतरायचं, आता माझा बी दम कमी पडायलाय.” मी म्हटलं, बघते. इथं गर्दीचे दिवस होते. मग होळी झाली, मग पावसाळा आला. दुकानाच्या मागच्या खोलीत तीन जुनी जाकिटं धूळ खात पडली आहेत, आबा. मी रोज त्यांच्यासमोरून जाते. तुम्ही जाकिटाचं विचारलंत तेव्हा मला वाटलं, चला, उशिरा का होईना, दादाचं काम झालं. म्हणून एवढं लांबलचक पत्र लिहिलं. तेव्हा तो सोळा दिवस पाण्यात होता.

तुम्ही लिहिता पाणी दुसरं मागतं. मला त्यानं सहाव्या वर्षीच मागितलं होतं. तेव्हा तुम्ही काठावर बसून दुसऱ्या गावच्या माणसाची वाट बघितली नाही. रक्तानंच रक्त काढलंत. आता मी काढते.

माझं खटक्याचं जाकीट, टाकी, दिवा सगळं बरोबर आणलंय. महांतप्पांनी काठावर थांबावं. त्यांचं नळीचं जाकीट परत देऊ नका, तेही लागेल. एक जुनी जाड चादर काढून ठेवा.

आणि दोरी तुम्ही धरायची. दुसऱ्या कुणाच्या हातात मी माझी दोरी देणार नाही.

हर्षाली

~

बिरोबा प्रसन्न

तामलवाडी शिवार,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षाली हिस आबाचा अनेक आशीर्वाद.

मालवणला सुखरूप पोचल्याचं दैवशालानं सांगितलं. आता तिचं माझं बोलणं वहीत चालतं. ती लिहिती, म्या वाचतो. तेरावं झालं म्हणून वर देवाचं नाव लिहिलंय. लिहिताना बरं वाटलं न्हाय, पण लिहिलं.

तू इथं पंधरा दिवस राहिलीस अन् आपण दोघं धड बोललो न्हाय. तू बोलायचीस ते मला ऐकू यायचं न्हाय, अन् म्या बोलायला गेलो की तू रडायचीस. म्हणून आता लिहितो.

त्या दिवशी तू नळीचं जाकीट रिकामंच काखंत मारून खाली गेलीस, तवा मला कळंना हिला दोन कशाला पाहिजेत. म्या दोरी धरून उभा. तुझे बुडबुडे पाण्यावर यायले, म्या मोजायलो. मधी ते थांबल्यासारखे झाले. परत परत थांबले. दर टायमाला म्या पाण्याकडं एक पाऊल पुढं सरकायचो. महांतप्पानं खांदा धरला नसता तर म्या तसाच उडी घेतली असती, कानाचं अन् हाताचं काय व्हायचं ते होऊ दे म्हणून. मग दोन हिसके आले. पोरी, तसले दोन हिसके मला महिनाभर झोपंत यायचे.

म्या वढायलो. पाण्यातनं आधी एक हात वर आला. सरळ, नळी धरलेला. एका क्षणाला मला वाटलं उत्कर्षचाच. म्या हाक बी मारली म्हणं, दैवशाला सांगती. मग तुझं डोकं दिसलं, अन् शेजारी चादरीत गुंडाळलेला त्यो, अंगावर जाकीट बांधलेला.

दैवशालानं चादर उघडू दिली न्हाय. मनगटातला काळा दोरा तेवढा बघितला, तिनंच बांधलेला. दुसऱ्या दिवशी ती भाकर न बांधता घरी बसली. म्या तिला बांगड्या काढू नको म्हणलं. गाव बोलंल म्हणली. म्हणलं, गावाला म्या बघतो. कुंकू तिनं पुसलं, बांगड्या हायत.

खाली काय झालं ते तू मला सांगितलं न्हाईस. दैवशालाला सांगितलंस. काल तिनं वहीत लिहिलं. टाकी एकच, ती तुझ्या पाठीला. त्याच्या जाकिटात भरायला हवा कुठली. तू तोंडातली नळी काढायचीस अन् त्याच्या जाकिटाची नळी तोंडात धरून फुंकायचीस. परत दम घ्यायचीस, परत फुंकायचीस. नऊ येळा फुंकलंस म्हणं, तवा त्यो गाळातनं सुटला. बुडबुडे का थांबायचे ते मला काल कळलं. लहानपणी तुला ताप आला की त्यो तुझा चहा फुंकून द्यायचा, ते आठवलं अन् वही मिटून ठेवली.

तू जाकीट दादासाठी निवडलं व्हतंस. ते दादाच्याच अंगाला लागलं. माझ्यापास्नं चुकलं, तुझ्यापास्नं काही चुकलं न्हाय. संक्रांतीचं डोक्यातनं काढ. दोरी माझ्या हातात व्हती, ते माझ्या डोक्यातनं जाणार न्हाय, पण तुझं तू काढ. अन् पाण्यातनं कमाई काढायची न्हाय म्हणून तुला दारातनं परत पाठवलं, ते बी माझं चुकलं. ते शिकली नसतीस तर माझं पोर अजून खालीच असतं.

आता एक काम हाय. महांतप्पा दोनदा येऊन गेला, जाकीट मागायलाय. त्याचंच हाय, द्यायला पाहिजे. पण ते अजून फुगलेलं हाय. त्या दिवशी काढलं तसं ओसरीवरच्या खुंटीला अडकवलं, तसंच हाय. कुणी हात लावला न्हाय. आत तुझा श्वास हाय, अन् त्याला वर घेऊन आलेला हाय. महांतप्पा म्हणतो, बटन दाब, नळी वर धर, हवा सोड, घडी घाल अन् दे. म्या त्याला खांदा दाखवला. डावा हात वर जात न्हाय म्हणलं.

उजवा जातो की, असं तू म्हणशील. त्यो बी जायना झालाय.

तवा तूच ये, अन् तूच सोड. दार उघडं हाय.

तुझा
आबा